गंगीचे साठ दिवस

वसुबारसेला पूजा होते ती पायाशी वासरू असलेल्या गाईची. त्या संध्याकाळी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोन वासरवाल्या गाईंना हळदकुंकू लावलं, ओवाळलं, बाजरीची भाकरी भरवली. गंगी दावणीच्या शेवटच्या खुंट्याला उभी राहून बघत होती. मी ताट तिच्याकडेही नेलं. आत्या म्हणाल्या, "ने की. पोटात आहेच तिच्या वासरू."

दुसऱ्या दिवशी गंगीला आटवायचं, म्हणजे तिचं दूध बंद करायचं होतं. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं चार तारखा लिहिलेल्या आहेत: १२ मार्चला भरवली, १८ ऑक्टोबरला आटवायची, २६ नोव्हेंबरला वेगळी बांधायची, १७ डिसेंबरच्या आसपास विणार. गाभणपणाचे २८० दिवस मोजायचे आणि शेवटचे ६० तिचे तिला द्यायचे. हे दिवस आमच्याकडे पूर्वी पाळले जात नव्हते. संगमनेर-अकोल्याच्या या पट्ट्यात दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, त्यावर पेंड, औषधं, किराणा चालतो. दूध न देणारी गाय त्या बिलात दिसत नाही. तिला भाकड म्हणायचं, उसाच्या वाढ्यांवर काढायचं आणि चांगला चारा दुभत्यांना टाकायचा, अशी रीत.

आत्यांचं माहेर अकोल्याच्या डोंगरात. तिथल्या डांगी गाई दोन-तीन लिटर दूध देत आणि गाभणपणात आपणहून आटत. "आम्ही कधी गाय आटवली नाही गं, तीच आटायची," असं त्या अजून सांगतात. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ सुरू केली, संकरित गाई गावोगाव पोचल्या आणि कासेतलं दूध कितीतरी पटींनी वाढलं. गंगी त्यातलीच, होल्स्टीनच्या रक्ताची. सातव्या महिन्यातही आठ लिटर देत होती. अशी गाय आपणहून थांबत नाही, तिला थांबवावं लागतं. पोटातल्या वासराचं निम्म्याहून जास्त वजन याच दोन महिन्यांत भरतं, आणि कासेतल्या झिजलेल्या पेशी जाऊन नव्या तयार होतात त्याही याच काळात. इथे ओढलेलं दूध पुढच्या वेतातून वजा होतं.

आटवायच्या आधी तीन दिवस तिची पेंड बंद केली, हिरवा चारा कमी करून कडबा वाढवला. चार खळग्यांच्या ताटलीत चारी सडांचं थोडं थोडं दूध घेऊन त्यात जांभळं द्रावण घातलं. घट्ट झालं असतं तर लपलेली दगडी, म्हणजे कासेचा दाह, समजली असती. चारीत पातळच राहिलं. मग शेवटची धार. कास अगदी रिकामी केली, सडांची टोकं स्पिरिटच्या कापसानं पुसली आणि डॉक्टरांनी दिलेली भाकड काळाची ट्यूब प्रत्येक सडात एकेक सोडली. त्यानंतर हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी कास तट्ट फुगते, गाय हंबरते, मशीन सुरू झालं की मान वळवून बघते. तेव्हा "थोडं काढून टाकू" असं वाटतं आणि तेच करायचं नसतं. काढलं की कासेला वाटतं, अजून दूध हवंय. मी तिला दुभत्या गाईंपासून दूर, मशीनचा आवाज पोचणार नाही अशा ठिकाणी हलवलं आणि रोज फक्त बघितलं: एखादा सड लाल, गरम, दगडासारखा होतोय का? नाही झाला. दहा-बारा दिवसांत कास सुरकुतली.

पुढचे चार आठवडे सरळ गेले. कडबा कुट्टी, हिरवा मका, किलो-दीड किलो गोळी पेंड, खनिज मिश्रण. जंताचं औषध, खुरांची काटछाट. या काळात गाय वाळूही द्यायची नाही आणि माजूही द्यायची नाही. चरबी चढलेली गाय व्यायल्यावर खाणं सोडते, अंगावरची चरबी वितळून यकृतात साठते. बरगड्यांवरून हात फिरवला की हाडं बोटांना कळावीत पण लांबून मोजता येऊ नयेत, एवढी माझी परीक्षा.

२६ नोव्हेंबरपासून मात्र माझी झोप हलकी झाली. त्याला कारण चंद्री.

चंद्री आमची सर्वांत दुधाळ गाय. तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या वेताला शेवटचा महिना मी तिला रोज मऊ, कोवळा घास टाकला. आमच्याकडे लसूणघासाला नुसतं घासच म्हणतात. गाभण लेकीला चांगलंचुंगलं घालावं, तसं. रात्री ती व्याली, वासरू छान. पहाटे साडेचारला बघितलं तर मान कुशीकडे वळवून बसलेली, कान बर्फासारखे. मला वाटलं, थंडी वाजतेय. अंगावर गोणपाट टाकलं आणि उजाडायची वाट बघितली. डॉक्टर आले तोवर ती आडवी झाली होती. शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडली, तिनं डोळे उघडले, पण फार वेळ एकाच अंगावर पडून मागच्या पायांचे स्नायू निकामी झाले होते. चार दिवस आम्ही तिला या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिलो. ती उठली नाही.

हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार पडतं. गाईच्या रक्तात एका वेळी साधारण तीन ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं, आणि दहा लिटर चिकात वीस ग्रॅमच्या वर निघून जातं. एवढं एका दिवसात आणायचं कुठून? हाडांतून. हाडांना तो हुकूम मानेतल्या इवल्याशा ग्रंथी देतात. पण विण्याआधी महिनाभर घासातून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं तर त्या ग्रंथी सुस्तावतात. शिवाय घासातल्या पोटॅशियमनं रक्त अल्कधर्मी होतं आणि हुकूम सुटला तरी हाडं तो नीट ऐकत नाहीत. मी मायेनं टाकलेली प्रत्येक पेंढी तिच्या वाटेत आडवी पडत होती.

म्हणून शेवटचे २१ दिवस गंगीला घास नाही, वाढे नाहीत, खाण्याचा सोडा नाही. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून तेही नको. मक्याचा मुरघास, कडबा, आणि पेंड एक किलोवरून हळूहळू तीन किलोवर, म्हणजे व्यायल्यावर मिळणाऱ्या खुराकाची पोटातल्या जंतूंना आधीच सवय लागते. पेंडीत, रक्ताचा अल्कधर्मीपणा उतरवायला, डॉक्टरांनी मोजून दिलेले ॲनायोनिक क्षार. ते चवीला वाईट असतात. पहिल्या दिवशी गंगीनं घमेल्यात तोंड घालून फुर्रकन पेंड उडवली. मुरघासात कालवून दिल्यावर खाल्ली. क्षार काम करतात का हे लघवी सांगते. सकाळच्या चाऱ्यानंतर तीन तासांनी मी मग घेऊन मागे उभी राहायची, योनीखाली हलक्या हातानं चोळायची, मिनिटभरात धार यायची. कागदी पट्टी भिजवून रंग जुळवायचा. सुरुवातीला सामू आठच्या वर, पाचव्या दिवशी साडेसहा. सहा ते सहा पूर्णांक आठच्या दरम्यान हवा.

शेवटच्या आठवड्यात गाय मुळातच कमी खाते. वासरानं पोटातली जागा घेतलेली असते. म्हणून गव्हाण कधी रिकामी ठेवली नाही. रोज मागे उभं राहून डाव्या कुशीचा खळगा बघायचा. खोल गेला की कमी खाल्लंय. बसायला कोरडी माती, वर गव्हाचं काड. ओल्या फरशीवर जड गाय घसरली तर सारं संपतं.

१५ डिसेंबरला दुपारी शेपटीच्या मुळाजवळचे स्नायू खचलेले दिसले, सडांना मेणचट चमक आली. रात्री दहाला ती ऊठबस करू लागली. पाणमोट फुटली, दोन खुरं आणि त्यावर नाक दिसलं. सरळ होतं, आम्ही ओढाओढ केली नाही. पावणेबाराला कालवड झाली. नाळेला आयोडीन लावलं, आणि तासाभरात बाटलीनं अडीच लिटर चीक पाजला. वासराला आईच्या पोटातून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, जे आहे ते चिकातच. वार साडेचारच्या सुमाराला पडली.

त्या रात्री आणि पुढच्या रात्री मी दर दोन तासांनी उठून गंगीचे कान हातात धरले. अंधारात, बॅटरी न लावता. कोमट होते. एकदा तिनं मान झटकून हात काढून टाकला, मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उभी राहून रवंथ करत होती. आत्या शेतातून आल्या, डोक्यावरचा भारा उतरवून त्यातली एक पेंढी सोडली आणि माझ्याकडे बघितलं.

"आता टाकू का गं हिला घास?"

"टाका, आत्या. पोटभर टाका."