तीन दिवसांनंतरचा मेहमान

द्रोणागिरीत रविवारची सकाळ करंज्याच्या ताज्या मासळीने सुरू होते. पण सप्टेंबर 2024 पासून वर्षभर आमच्या घरी रविवारची वाट पाहिली जायची ती फोनसाठी. आमच्या बहिणीची मुलगी जर्मनीत कोलोनजवळच्या एका गावात होती. वृद्धांच्या निवासात वर्षभर स्वयंसेवा करायची आणि एका जर्मन कुटुंबात राहायचे, असा तिचा बेत. बहिणीचा जीव थाऱ्यावर नव्हता. "परक्या घरात मुलगी! खाणार काय, नमाज कुठे पढणार?" हे प्रश्न आम्हालाही पडले होते.

ही योजना काय, ते आधी सांगतो. जर्मनीत 2011 साली सक्तीची लष्करी भरती थांबली. लष्कराऐवजी इस्पितळांत आणि वृद्धांच्या निवासांत सेवा करणारे तरुणही त्यामुळे मिळेनासे झाले. ती उणीव भरून काढण्यासाठी त्याच वर्षी सरकारने राष्ट्रीय स्वयंसेवा योजना सुरू केली. तिच्यात परदेशी तरुणांनाही जागा मिळते. पगार नसतो, हातखर्च आणि विमा मिळतो, शिवाय बऱ्याच ठिकाणी राहण्याजेवणाची सोय असते. जर्मन भाषा थोडीफार यावी लागते. ती आपल्याकडे मुंबई आणि पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात शिकता येते.

कामाचे दिवस कामात जातात, खरी परीक्षा सुट्टीच्या दिवसांची, हे आम्हाला तिच्या फोनवरून कळले. पहिल्याच शनिवारी अंगणात शेगडी पेटली आणि तिच्यावर डुकराच्या मांसाचे सॉसेज चढले. मुलगी संकोचली. "भूक नाही," म्हणाली आणि कोरडा पाव खाऊन झोपली. पुढचे दोन शनिवारही तसेच गेले. चौथ्या आठवड्यात यजमान बाईंनी विचारले, "आमच्या हातचे तुला आवडत नाही का?" बाईंचा चेहरा उतरलेला होता. तेव्हा कुठे हिने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळे सांगितले. बाई म्हणाल्या, "मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

फोनवर हे ऐकून आम्ही गप्पच झालो. आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो की दुसऱ्याच्या घरी काही मागायचे नाही, तोंड उघडायचे नाही. तो अदब खरा. पण न बोलल्याने ती उपाशी राहिली आणि मेजबान दुखावला. दोघांपैकी कोणाचेच भले झाले नाही.

पुढच्या शनिवारी बाई तिला तुर्की दुकानात घेऊन गेल्या. 1961 मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला. त्यातून आलेली कुटुंबे तिथेच स्थिरावली, म्हणून हलाल गोश्त तिथल्या अनेक शहरांत सहज मिळते. बाईंनी तिच्यासाठी वेगळी कढई घेतली. जेलीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डुकराचे जिलेटिन असते, हे तिने त्यांच्या मुलांना सांगितले. त्यानंतर ती मुलेच पाकिटे वाचून तिला सांगू लागली.

कुत्र्याचा प्रश्न अवघड होता. आपण कोकणी शाफई, कुत्र्याच्या लाळेबाबत आपला मसला कडक. तिने जानमाज आणि नमाजचे कपडे खोलीत ठेवले, दार बंद ठेवू लागली. घरच्यांनीही कुत्र्याला त्या दारापाशी थांबायला शिकवले. जेवणाच्या टेबलावर बिअर असे, ती काही उठली नाही. पाहुणे पीत रात्रीपर्यंत बसले की ही सलाम करून आपल्या खोलीत जाई. बहिणीला हे आजही पटलेले नाही, आणि तिचे चुकते असे आम्हीही म्हणत नाही.

तिथला रविवार शांत. दुकाने बंद असतात, गवत कापायचे यंत्रही कोणी चालवत नाही. इथे कंटेनरच्या ट्रकांच्या आवाजात वाढलेल्या मुलीला ती शांतता सुरुवातीला खायला उठे. दुपारी सगळे मिळून रानात फिरायला जात, परतल्यावर कॉफी आणि केक. टेबल मांडायचे काम तिने स्वतःहून घेतले. बटाटे सोलणे, काचेच्या बाटल्या आणि कागद वेगळे काढणेही तिच्याकडे आले. मेहमाननवाजी तीन दिवसांची, त्यापुढे यजमानाला जड होईल इतके राहू नये, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण आहे. वर्षभर राहायचे तर काम हाती घेऊन घरचे व्हावे लागते, हा अर्थ आमच्या मुलीने कामातून शिकून घेतला.

रमजान तिथे शनिवारी, 1 मार्च 2025 ला सुरू झाला, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी बाईंनी टेबलावर खजूर मांडले आणि अख्खे घर सव्वासहापर्यंत तिच्यासाठी जेवायचे थांबले. ईदही तिची आपल्याआधी आली, रविवारी 30 मार्चला. नेमकी त्याच पहाटे युरोपातली घड्याळे एक तास पुढे गेली, नमाज चुकता चुकता राहिली. यजमानांनी तिला गाडीने कोलोनच्या एरेनफेल्डमधल्या मोठ्या मशिदीत पोहोचवले. रविवारी दुकान उघडे नसते, म्हणून दूध आणि शेवया तिने शनिवारीच आणून ठेवल्या होत्या. आमचा इथे एकोणतिसावा रोजा, आणि फोनच्या पडद्यावर ते कुटुंब शीरखुर्मा खाताना दिसत होते. बहीण ओढणीने डोळे पुसत होती.

मुलामुलींना असे पाठवणाऱ्या पालकांना आमचे चार शब्द. संस्थेचा करार स्वतः वाचा, हवे तर भाषा जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. "स्वयंसेवा लावून देतो" म्हणून मोठी रक्कम मागणाऱ्या दलालापासून दूर राहा. स्वतंत्र खोली आहे का, कुटुंबाशी पटले नाही तर घर बदलून मिळते का, अडचणीत कोणाला फोन करायचा, हे निघण्यापूर्वी विचारा. पासपोर्ट मुलीने स्वतःजवळच ठेवावा. आणि काय चालते, काय चालत नाही, याचे पत्र यजमानांना आधीच पाठवा. त्यात नमाज आणि रोजा यांचाही उल्लेख असावा.

मुलगी परतली. आता ते कुटुंब इथे यायचे म्हणते. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन नोंद करावी लागते, ती माहिती आम्ही काढून ठेवली आहे. बहिणीने मात्र मुलीला एकच गोष्ट विचारली, "त्यांना काय चालत नाही, ते आधी विचारून घे."