उंची दुकान आणि आमची पिशवी

वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतल्या आपल्या माणसांना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवाच शेजारी मिळाला आहे. ज्या गिरणीच्या भोंग्यावर आमच्या बापजाद्यांचे घड्याळ चालायचे, ती गिरणी बंद पडली आणि त्याच आवारात काचेची, गारेगार दुकाने उभी राहिली. लोअर परळची फिनिक्स मिल हे त्याचे ठळक उदाहरण. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा या जमिनीवर एक दिवस परदेशी चीज आणि ऑलिव्हचे तेल विकले जाईल असे कोणी सांगितले असते, तर त्याला वेड्यात काढले असते. आज त्यात कोणालाच नवल वाटत नाही. घरातली पोरे मात्र विचारतात, की दुकान एवढे जवळ आहे तर महिन्याचा किराणा तिथूनच का भरू नये?

या प्रश्नावर आपल्या वस्त्यांत दोन उत्तरे मिळतात. म्हातारी माणसे म्हणतात, 'ते आपल्यासाठी नाही.' नोकरीला लागलेली तरुण मंडळी म्हणतात, 'आता आपणही तिथे घेऊ शकतो, मग का घेऊ नये?' आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

आधी म्हाताऱ्यांच्या उत्तराविषयी. दुकान ही आपल्या समाजाच्या दृष्टीने कधीच साधी जागा नव्हती. गावच्या वाण्याच्या पायरीखाली उभे राहून मीठ-मिरची मागायची, त्याने वरून पदरात टाकायची आणि आपण ठेवलेल्या पैशांवर त्याने पाणी शिंपडून ते उचलायचे, हे आमच्या आज्या-पणज्यांनी सोसले आहे. म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर 'दुकाने' हा शब्द स्पष्टपणे आला आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही दुकानात जाण्यापासून रोखता येणार नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते त्या पाण्याला काही वेगळी गोडी होती म्हणून नव्हे. माणूस म्हणून असलेला हक्क बजावायला ते गेले होते. तेव्हा काचेच्या दारातून आत जायला बिचकण्याचे काहीएक कारण नाही. पायात चप्पल असो की बूट, हातात कापडी पिशवी असो की काही नसो, आत जावे, फिरावे, भाव पाहावेत आणि पटले नाही तर रिकाम्या हाताने ताठ मानेने बाहेर यावे. काही न घेता बाहेर पडणे हाही हक्कच आहे.

या नव्या दुकानाची एक बाजू मान्य करायलाच हवी. तिथे आपल्या हाताने वस्तू उचलता येते. आडनाव कोणी विचारत नाही आणि यंत्र फक्त पाकिटावरच्या रेघा वाचते. ज्या समाजाच्या स्पर्शाचे सूतसुद्धा चालत नव्हते, त्याला ही गोष्ट किरकोळ वाटू नये. याच गिरणगावात विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई. पगार मात्र त्याच खात्यात जास्त! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. आज त्याच जमिनीवर आपली लेक टोमॅटो हाताळून निवडून घेते.

आता तरुणांच्या उत्तराकडे येऊ. आत जाणे हा हक्काचा भाग झाला. विकत घेणे हा हिशेबाचा भाग आहे आणि हिशेबात भावनेला जागा देऊ नये. बिस्किटाचा पुडा, साबण, दंतमंजन यांवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, मग दुकान संगमरवरी असो की पत्र्याचे. म्हणजे या वस्तूंत उंची दुकान महाग पडत नाही, कधी सवलतीत स्वस्तही पडते. खिसा कापला जातो तो दुसरीकडेच. डाळ, तांदूळ, पीठ, गूळ, शेंगदाणे या रोजच्या जिनसा तिथे देखण्या पाकिटांत घालून, 'सेंद्रिय' वगैरे शब्द लावून ठेवलेल्या असतात. समजा ४०० ग्रॅमच्या पाकिटावर ९० रुपये लिहिले आहेत. वाचताना नव्वदच दिसतात. किलोला ते सव्वादोनशे झाले, हे घरी आल्यावर कळते. दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडते तेही पाकिटावर छापावे, असा नियम आता झाला आहे. तो आकडा बारीक अक्षरात असतो, पण चष्मा लावून वाचावा. आपण शिकलो ते कशासाठी?

त्यात कराचाही भाग आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळी, पिठावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. म्हणजे चकचकीत पाकीट घेणारा कंपनीचा नफा देतो, दुकानाचे भाडे आणि वीज देतो, वर सरकारचा करही देतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून गोणीतली सुटी डाळ मोजून घेणारा यातले बरेचसे वाचवतो.

म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याचे आम्ही गोडवे गावेत असे मात्र नाही. त्याच्या वजनकाट्याची आणि बिल न देण्याच्या सवयीची कथा प्रत्येक घराला पाठ आहे. उंची दुकानात वजन छापील, तारीख छापील आणि पावती हातात. माल खराब निघाला तर पावती घेऊन भांडता येते. तरीही वाण्याकडे एक गोष्ट आहे, जी त्या काचेच्या दुकानात कुठल्याही फळीवर सापडत नाही. ती म्हणजे उधारीची वही. ज्या घरात पगार महिन्याला येत नाही, रोजंदारी किंवा कंत्राटावर चूल पेटते, त्या घराला पंचवीस तारखेला कोण तेल-मीठ देते? काचेच्या दुकानातही उधारी असते, पण ती बँकेच्या कार्डावर आणि चढ्या व्याजाने.

खोलीचाही विचार करावा लागतो. एकावर एक घ्या, दोन घ्या, पाच किलोची पिशवी घ्या, अशा सवलतींचा फायदा घ्यायचा तर माल ठेवायला जागा हवी. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. त्यात माणसे झोपणार की गोण्या? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांचा हिशेब आता वेगळा मांडावा लागेल. जागा वाढली, पण उद्वाहन आणि देखभालीचा खर्चही दारात आला. त्या खर्चात आणखी 'दर्जा राखण्यासाठी' उंची किराण्याची भर घालणे शहाणपणाचे नाही.

आमची खरी करमणूक होते ती धान्याच्या फळीपुढे. ज्वारी, बाजरी, नाचणी! दुष्काळात आणि सुकाळात आमच्या लोकांना ज्या भाकरीने जगवले, तिला गावातली गव्हाची पोळी खाणारी मंडळी हसत असत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि तीच नाचणी आरोग्याचे बिरुद मिरवत उंची फळीवर जाऊन बसली. भाव वाढला त्याचा किती वाटा ती पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे गेला, हे मात्र पाकिटावर छापलेले नसते. धान्य तेच आहे. दळण गिरणीवरून करून आणावे, भाकरी तशीच फुगते.

त्या दुकानात दहा देशांचे पदार्थ असतात, पण आमचे नसतात. सुकट-बोंबलाचा वास तिथल्या गार हवेला चालत नाही. मराठवाड्यात वाळवून ठेवतात त्या चान्यांचे नाव तिथे कोणाला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा आल्यावर तर आपल्या ताटातला स्वस्त, कसदार वाटा कायद्यानेच काढून घेतला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या घरांतले हे खाणे नोंदवून ठेवले आहे, ते तरुणांनी जरूर वाचावे. ज्यांच्याकडे सगळ्या जगाचे अन्न विकायला आहे, त्यांच्याकडे शेजारच्या चाळीचे अन्न नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सवलतींच्या दिवसांविषयीही बोलले पाहिजे. २००६ च्या २६ जानेवारीला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' सुरू केला आणि लोकांची झुंबड उडाली. संविधान अमलात आले तो दिवस बादल्या आणि तांदळाच्या पोत्यांसाठी रेटारेटीचा दिवस ठरला! पुढे तो समूहच कर्जात बुडाला आणि २०२२ मध्ये त्याची दुकाने दुसऱ्या मोठ्या भांडवलदाराच्या हाती गेली. गिऱ्हाईक होते तिथेच राहिले. तिथे उभे राहून काम करणारी पोरे मात्र नोकरीच्या काळजीत पडली.

ही पोरे कोण आहेत? दारावरचा रखवालदार, गाड्या रचणारा, फरशी पुसणारी बाई, पैसे घेणारी मुलगी यांत आपल्याच वस्त्यांतली कितीतरी असतात. आजोबा गिरणीत कायम होता, नातू त्याच आवारात कंत्राटावर आहे. आजोबाकडे संघटना होती. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. नातवाला दोन्हींचा सामना एकट्याने करावा लागतो. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देण्याची तरतूद कायद्यात केली. आपल्या वस्तीशेजारच्या त्या झगमगीत दुकानात पुढच्या वेळी साबण घ्यायला जाल, तेव्हा पैसे घेणाऱ्या मुलीच्या मागे स्टूल आहे का, तेवढे पाहा. नसेल तर पावती घेताना तिथल्या व्यवस्थापकाला विचारा. गिऱ्हाईकाने विचारलेला प्रश्न त्याला ऐकावा लागतो, त्या मुलीने विचारलेला नाही.