रानातली रात्रपाळी

पहिला पाऊस पडला की हॉस्टेलच्या ट्यूबलाइटखाली किड्यांचा खच पडतो. एखादा मेसच्या वरणातही सापडतो आणि मेसवाल्या काकांना उगाच बोलणी बसतात. पण मित्रांनो, हेच किडे मुळशीच्या रानात कितीतरी पटीने असतात. पार ताम्हिणीपर्यंत झाडांना कोवळी पालवी फुटलेली असते. फवारणी कोणी करत नाही. मग दरवर्षी रान बोडकं का होत नाही?

सागाचं घ्या. सागाचा पतंग रात्री कोवळ्या पानांवर अंडी घालतो, एकेक मादी शेकड्यांनी. अळी बाहेर आली की जाड शिरा तेवढ्या सोडते, बाकी पान फस्त. अळ्या पक्षी खातात हे शाळेत शिकलोच आहोत. पण पतंग उडतो रात्री, तेव्हा बहुतेक पक्षी झोपलेले. ही रात्रपाळी करतात वटवाघळं. वडावर उलटी टांगलेली ती मोठी नव्हेत, ती फळं खातात. आपण बोलतोय ती मुठीत मावणारी, किडेखाऊ.

ही तोंडाने आपल्याला ऐकू न येणारे आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून किडा हेरतात. १९३८ साली हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने प्रा. पिअर्स यांच्या अल्ट्रासॉनिक डिटेक्टरसमोर वटवाघळं धरली, तेव्हा हे आवाज पहिल्यांदा पकडले गेले. किडा टप्प्यात आला की सेकंदाला दीडशेच्या वर पल्स! ई अँड टीसीवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याने झाडाला असा काय फरक पडतो? अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या जंगलात तीन उन्हाळे हेच मोजलं. ओक आणि हिकरीच्या रोपांभोवती रात्री जाळी, म्हणजे वटवाघळं बाहेर. दिवसा जाळी काढायची, म्हणजे पक्ष्यांना मोकळीक. जाळीतल्या रोपांवर किडे तिप्पट झाले आणि पानांची नासाडी पाचपट.

जमिनीवरची पाळी चिचुंद्रीची. दिसते उंदरासारखी, पण ती उंदीर नव्हे, किडे खाणारी आहे. बऱ्याच किडी कोष करायला पालापाचोळ्यात उतरतात आणि तिच्या तावडीत सापडतात. कॅनडात हॉलिंग यांनी पाइनच्या लागवडीत असे कोष मोजले. कोष वाढले की चिचुंद्र्या जास्त खातात, पण एका मर्यादेपर्यंतच, कारण प्रत्येक कोष शोधून फोडायला वेळ लागतो. गणित पक्कं करायला त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मदतनीसाला टेबलावर सँडपेपरच्या चकत्या चाचपून शोधायला लावल्या! १९५९ साली आलेलं ते समीकरण आजही शिकवतात. आपल्या भाषेत, लोड वाढला तरी आउटपुट सॅच्युरेट होतं.

खरी मेख इथेच आहे. कीड एकदा बेसुमार वाढली की हे प्राणी ती आवरू शकत नाहीत. ती थोडी असतानाच दाबून ठेवणं एवढंच त्यांना जमतं. म्हणून ते साध्यासुध्या वर्षीही रानात असावे लागतात. साथ आल्यावर आणू म्हटलं तर मिळणार कुठून? बऱ्याच जातींच्या वटवाघळीला वर्षाला एकच पिल्लू होतं. एखाद्या गुहेत कोणी धूर केला तर ती वस्ती भरून यायला वर्षं लागतात.

तेव्हा ट्रेकला गेलात तर गुहेत मशाली, फटाके नकोत. हॉस्टेलच्या शेडमधली फट बुजवायचीच असेल तर संध्याकाळी सगळी बाहेर पडल्यावर बुजवा. आत पिल्लं असतील तर ती उडू लागेपर्यंत थांबा. खाली पडलेलं वटवाघूळ मात्र उघड्या हाताने उचलू नका; चावलं तर जखम साबणाने धुऊन लगेच डॉक्टरकडे जा, रेबीजचा प्रश्न असतो. आणि चिचुंद्री दिसली की झाडू शोधण्याआधी खोलीतली झुरळं मोजा. तीही तीच खाते.