जुन्या स्कूटरची मोकळीक : रोग कीं स्वभाव ?

यंत्राचे सर्व भाग एकमेकांस घट्ट चिकटून बसले म्हणजे यंत्र उत्तम, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वीं खरी नाहीं. दाराची कडी कोंड्यांत थोडी सैल असते, म्हणूनच ती सरकते. कारागीर ज्यास 'प्ले' म्हणतात, त्यास या लेखांत आम्ही 'मोकळीक' म्हणूं.

आमच्या घरीं वडिलांच्या वेळची एक चेतक स्कूटर आहे. गेल्या वर्षीं पावसाळाभर ती झांकून ठेविली होती. दिवाळीपूर्वीं ती पुसतांना मागचें चाक सहज हलविलें, तों तें किंचित् पुढें-मागें झालें व आंतून 'खट्' असा आवाज आला. एका कारागिरास विचारतां त्यानें, "गिअर खलास झाले, इंजिन खोलावें लागेल," असें सांगितलें. खर्चाचा आंकडा ऐकून आम्ही गाडी विकण्याच्या विचारापर्यंत आलों. सुदैवानें शेजारचे एक वृद्ध मिस्त्री म्हणाले, "खोलण्याआधीं तपासा तर खरें !" त्यांनीं दाखविलें तेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

ही रचना मूळची इटलीची. कोर्रादीनो दास्कानिओ या विमानविद्येंतील अभियंत्यानें आंखलेली व्हेस्पा पिआज्यो कंपनीनें १९४६ सालीं बाजारांत आणिली. पुढें बजाज कंपनीनें पिआज्योच्या परवान्यानें तशा गाड्या आपल्याकडे बनविल्या, आणि १९७२ सालीं चेतक आणिली. या गाड्यांस सांखळी नाहीं. इंजिनाची शक्ति क्लचमधून एका मोठ्या दांतेरी चक्रास मिळते. तेथून ती चार गिअरांच्या जोड्यांकडे जाते. चाकाच्या आंसावरील चारही गिअर नेहमीं फिरण्यास मोकळे असतात. आंसाच्या खांचेंत फुलीच्या आकाराचा, चार भुजांचा एक तुकडा सरकतो. ज्या गिअरच्या आंतील खांचांत त्याच्या भुजा शिरतात, तोच गिअर आंसास जखडला जातो.

आतां फिरत्या खांचांत भुजा शिरावयाच्या, तर खांचा भुजांहून रुंदच हव्या. दांत्यांमध्येंही तेलास व उष्णतेनें होणाऱ्या प्रसरणास जागा हवी. शिवाय मोठ्या चक्रांत धक्के सोसण्यासाठीं स्प्रिंगा बसविलेल्या असतात. या सर्वांची बेरीज म्हणजे चाकाची ती 'खट्'. व्हेस्पाच्या आंसावरील गिअरांस बाजूनें ०.१५ ते ०.४० मिलिमीटर मोकळीक ठेवावी, असें प्रमाणच ठरलेलें आहे. तेथें मोकळीक मुळींच नसणें हाच दोष होय.

परीक्षेची रीत अशी. इंजिन बंद करून पेट्रोलचा नळ मिटावा व प्लगची टोपी काढावी. गाडी सपाट जागीं स्टँडला लावून, मागचें चाक अधांतरीं राहील अशी दुसऱ्यानें धरावी. प्रथम न्यूट्रलमध्यें चाक फिरवून घरघर ऐकूं येते काय, तें पाहावें. मग पहिला गिअर टाकून चाक हलक्या हातानें दोन्हीं बाजूंस अडेपर्यंत फिरवावें व तेवढें अंतर टायरवर खडूनें नोंदावें. जोर केल्यास इंजिनच फिरूं लागतें व माप चुकतें. असेंच चारही गिअरांत करावें. वरच्या गिअरांत अंतर थोडें वाढलेलें दिसतें, तें स्वाभाविक आहे. परंतु मधलाच एखादा गिअर शेजाऱ्यांहून फारच सैल लागला, आणि चढावर तोच निसटूं लागला, तर त्याच्या खांचा झिजल्या असाव्यात. तरीही आधीं गिअरच्या केबली ताणून पाहाव्या; कारण सैल केबलीमुळेंही गिअर निसटतो.

यानंतरची परीक्षा अधिक महत्त्वाची. चाक वर व खालीं धरून आडवें डुलवावें. येथें हातास मोकळीक मुळींच जाणवतां कामा नये. जाणवल्यास चाकाबरोबर सगळें इंजिन हलतें काय, तें पाहावें. हलत असल्यास इंजिन ज्यावर टांगलेलें असतें तीं रबरें गेलीं असें समजावें. इंजिन स्थिर राहून चाकच डुलत असेल, तर आंसाचा नट सैल आहे किंवा बेअरिंग झिजलें आहे. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर नेऊं नये.

आमच्या चेतकच्या खडूच्या खुणा चारही गिअरांत ठीक निघाल्या. चाक मात्र आडवें डुललें ! टोपण काढून पाहतां नट सैल सांपडला, आणि त्याची पिन जागेवर नव्हती. ज्या आवाजास आम्ही भ्यालों तो निरुपद्रवी होता, आणि खरा धोका मुकाट्यानें शेजारींच बसला होता. नट आंवळून नवी पिन घालण्यास अर्धा तासही लागला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, घरीं जुनी स्कूटर असेल तर वडील माणसांस बरोबर घेऊनच ही परीक्षा करून पाहा. मोकळीक आहे कीं नाहीं, एवढेंच विचारून भागत नाहीं; ती कोणत्या दिशेस आणि किती, हें विचारावें. मगच पाना हातीं घ्यावा.