सुरी बिघडली की आपण?

गेल्या बकरी ईदची सकाळ. नमाज आटोपून घरची पुरुष मंडळी परतली होती. अंगणात कडुलिंबाखाली बकरा बांधलेला होता आणि कसाईभाई वजू करून तयार होते. माझ्या धाकट्या भावाने मोठ्या हौसेने नवी सुरी खोक्यातून काढून त्यांच्या हातात दिली. आदल्याच आठवड्यात यवतमाळच्या बाजारातून आणलेली, आरशासारखी चकचकीत सुरी. कसाईभाईंनी वर्तमानपत्राचा एक तुकडा डाव्या हातात धरून त्यावर ती फिरवली. कागद कापला गेला नाही, फाटला. त्यांनी सुरी शांतपणे बाजूला ठेवली आणि विचारले, "दादांची सुरी आहे ना घरात?"

फूफीने माळ्यावरच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेली सुरी आणून दिली. काळपट पाते, शिंगाची मूठ, मुठीला बारीक तडा. तिने कागद लोण्यासारखा कापला. कुर्बानी पार पडली. मांस वाटताना फूफी दिवसभर एकच वाक्य म्हणत राहिली, "अब वो बात नहीं रही. कंपन्यांनी माल खराब केला."

फूफीचे म्हणणे खरे आहे का? मी उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका, लोखंडाच्या कामाशी माझा संबंध नाही. पण ईदच्या दिवशी बोथट सुरी पुढे करणे ही लहानसहान चूक नव्हे. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची सहीह मुस्लिममधील हदीस बहुतेक घरांत माहीत असते. प्रत्येक कामात भलाई ठेवा, जबह करायचे तर पात्याला नीट धार करा आणि जनावराला आराम द्या, असा तिचा आशय आहे. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरी परजणाऱ्यालाही प्रेषितांनी (स.) टोकले होते. आमच्या घरात त्या सकाळी धार पाहण्याचे काम जनावर बांधल्यावर, अंगणातच झाले. ते मला लागून राहिले. म्हणून वर्षभर सवड मिळेल तसा मी या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

सुरुवात दादांच्या सुरीपासून केली. दादा दारव्ह्याला जिनिंगमध्ये कामाला होते. आपल्या जिल्ह्याचा कापूस तेव्हा शकुंतला रेल्वेने यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला जाई. पुढे तो बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचे. त्याच विलायतेतून सुया, कात्र्या आणि सुऱ्या इकडे येत. १९४७च्या सुमारास एका साहेबाच्या बंगल्यातील सामानाचा लिलाव झाला, त्यात दादांनी ही सुरी घेतली. पात्यावर मुठीजवळ एक चांदणी आणि एक क्रूस असा ठसा आहे. हे चिन्ह इंग्लंडमधील शेफील्ड शहरातल्या 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स' या कंपनीचे.

शेफील्डचे नाव सुऱ्यांसाठी चौदाव्या शतकापासून घेतले जाते. तिथल्या कारागिरांची संघटना १६२४ साली कायद्याने स्थापन झाली आणि कोणता ठसा कोणाचा, याची नोंद ती ठेवू लागली. रॉजर्स कंपनी आपल्या चिन्हाचे मूळ १६८२ सालात सांगते. १८२२ मध्ये तिला इंग्लंडच्या राजघराण्याची सनद मिळाली. त्याच सुमारास तिने १८२२ पात्यांचा एक नवलाईचा चाकू बनवला, साल जितके तितकी पाती. अशा कंपनीचा ठसा म्हणजे मालाची हमीच, असे गिऱ्हाईक मानू लागले तर नवल नाही.

पण जिथे नाव मोठे, तिथे नकलाही आल्याच. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत बनलेल्या स्वस्त सुऱ्यांवर शेफील्डचे नाव उमटवून त्या विकल्या जात. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी १८८७ मध्ये इंग्लंडने कायदा केला आणि परदेशी मालावर त्याच्या देशाचे नाव घालणे भाग पाडले. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का आज अभिमानाने मिरवला जातो, तो मुळात गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी आला होता! आपल्याकडेही १८८९ साली व्यापारी चिन्हांचा कायदा झाला. जर्मनीतील सुऱ्यांचे गाव झोलिंगेन यानेही पुढे धडा घेतला. १९३८च्या कायद्याने आणि नंतर १९९४च्या नियमाने त्या गावाचे नाव कोणत्या पात्यावर घालता येईल, हे ठरवून दिले. मालाची मुख्य कामे त्याच गावात झालेली असली पाहिजेत, अशी अट आहे.

हे सारे वाचल्यावर मी दादांच्या सुरीवरील ठसा भिंग घेऊन पाहिला. चांदणी स्पष्ट आहे, क्रूस अर्धा घासला गेला आहे, अक्षरे बहुतेक पुसली आहेत. फूफीला म्हटले, "ही सुरी नकलीही असू शकते." ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता फूफीच्या तक्रारीकडे वळू. तीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. नाव, पोलाद आणि धार.

नावाचे आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि हाँगकाँगच्या स्वस्त मालापुढे शेफील्डचे जुने कारखाने टिकेनात. १९७१ मध्ये रॉजर्स आणि तितकीच नावाजलेली वोस्टनहोम या कंपन्या एकत्र आल्या. पण तेवढ्याने भागले नाही. नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले आणि १९८०च्या दशकात शेफील्डच्याच एगिंटन समूहाने ते घेतले. आजही त्या चिन्हाचे खिशातले चाकू बनतात. म्हणजे ठसा तोच राहिला, पण कारखाना, कारागीर आणि मालक बदलले. तेव्हा 'रॉजर्स पूर्वीसारखी आहे का' असे विचारताना आपण एका वस्तूबद्दल विचारत नसतो. नाव एकच, पण त्यामागचे हात वेगळे. नाव विकत घेता येते, हाताची सवय नाही.

दुसरी गोष्ट पोलादाची. दादांची सुरी साध्या कार्बन पोलादाची आहे. लिंबू लागले की काळी पडते, ओली ठेवली की गंजते, पण सहाणेवर चटकन धार घेते आणि पुष्कळ दिवस धरून ठेवते. १९१३ साली शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. आपण त्याला स्टेनलेस स्टील म्हणतो. त्याच्या पहिल्या सुऱ्यांची शेफील्डमध्ये 'न कापणाऱ्या सुऱ्या' म्हणून थट्टा झाली. नव्या पोलादाला पाणी कसे द्यायचे, म्हणजे किती तापवून कसे थंड करायचे, हे कारागिरांना अजून उमगले नव्हते. पुढे ते जमले. आज चांगल्या स्टेनलेसची सुरी उत्तम कापते. मात्र स्वस्त मालात पातळ पत्रा छापून पाते काढतात, पाणी जेमतेम देतात आणि चकाकीवर भर देतात. गिऱ्हाइकाने, म्हणजे आपणच, न गंजणारी, चमकणारी आणि स्वस्त सुरी मागितली. बाजाराने ती दिली.

आणखी एक हिशेब आपण विसरतो. दादांच्या काळी वाईट सुऱ्या नव्हत्या का? ढीगभर होत्या. त्या मोडल्या, भंगारात गेल्या. जी चांगली होती, तीच पेटीत उरली. तिच्याकडे पाहून आपण म्हणतो, पूर्वी सगळेच चांगले होते.

तिसरी गोष्ट मला एका शिकलगारांनी शिकवली. आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या उरुसात पायाने फिरवायचे चाक घेऊन ते बसले होते. शिकलगार हा शब्द मी वर्गात मुलांना हमखास सांगते. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे. फारसीतून 'सैकलगर' झाला आणि मराठीत येऊन शिकलगार. मी दोन्ही सुऱ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी आधी नवी घेतली. चाकाला लावून दोन्ही बाजूंनी पाते पातळ केले, मग पाणी मारून सहाणेवर फिरवले. दहा मिनिटांनी त्याच सुरीने कागद सरळ रेषेत कापला गेला. मी पाहतच राहिले.

"बाजी, सुरी नापास नव्हती," ते म्हणाले. "कारखान्यातून जाड धार घेऊन आली होती. तिला कोणी अजून परजलेच नव्हते."

मग त्यांनी दादांची सुरी हातात घेतली आणि पाते उजेडात धरले. "ही मूळची एवढी अरुंद नव्हती. निम्मे पाते सहाणेवर गेले आहे. कोणीतरी आयुष्यभर हिची सेवा केली आहे."

ते दादा होते. दर जुम्म्याला सकाळी ओट्यावर सहाण ठेवून ते सुरी परजत, पुसून कोरडी करत आणि तेलाचे बोट फिरवून ठेवत. अब्बांनी ते काही वर्षे चालवले. आम्ही भावंडांनी बंद केले. ठसा खरा असो वा नकली, त्या सकाळी कागद कापणारी धार शेफील्डहून आलेली नव्हती. ती दादांच्या हातची होती.

फूफीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. शिकलगारांकडून आणल्यावर दोन्ही सुऱ्या मी महिनाभर स्वयंपाकात वापरल्या. नवी सुरी तीन आठवड्यांत टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागली. जुनीला महिन्यानंतरही काही झाले नव्हते. म्हणजे पोलादाचा फरक खराच आहे. पण कधीही न परजलेली चांगली सुरी आणि दर आठवड्याला परजलेली साधी सुरी, यांत कापणारी दुसरीच.

शिकलगारांनी सांगितलेल्या आणि मी करून पाहिलेल्या काही गोष्टी येथे देते. सुरी घेताना सोबत चुंबक न्या. ताट-वाट्यांचे स्टील बहुधा चुंबकाला चिकटत नाही आणि तापवून त्याला कडकपणाही येत नाही. पाते चुंबकाला चिकटले म्हणजे सुरी उत्तमच, असे नाही, पण चिकटलेच नाही तर ती घेऊ नका. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापू नका, लाकडी पाट वापरा. धार थोडी उतरली तर चिनी मातीचा कप उपडा करून त्याच्या तळाच्या खरखरीत कडेवर पाते तिरके धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढा. साध्या पोलादाची सुरी ओली ठेवू नका. आणि ईदच्या आठ दिवस आधी सुरी शिकलगाराकडे न्या. त्याच्या चाकाला काम मिळेल आणि बकऱ्यापुढे सुरी परजण्याची वेळ येणार नाही.

उरुसातले ते शिकलगार सांगत होते की त्यांची मुले या धंद्यात आली नाहीत. लोक सुरी बोथट झाली की फेकतात आणि नवी घेतात, मग चाक कोणासाठी फिरवायचे? कंपन्यांनी माल खराब केला म्हणताना ही आपली बाजूही ध्यानात ठेवावी.

यंदा ईदच्या आधीच्या जुम्म्याला भावाने दादांची सहाण पेटीतून काढली. त्याला कोन साधेना. फूफी थोडा वेळ पाहत होती, मग खाली बसली आणि तिने त्याचा हात धरून पाते तिरके केले.

"एवढेच," ती म्हणाली. "अब्बा असेच धरायचे."

ती नवी सुरी परजत होती.