कडेचा गडी

फुटबॉलच्या संघात पूर्वीही अकरा गडी असत, आजही अकराच असतात. पण या अकरा जणांच्या जागा आणि कामे गेल्या शंभर वर्षांत पार बदलून गेली. ज्यांनी हा खेळ जुन्या काळी पाहिला, किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्याची वर्णने ऐकली, त्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. कडेच्या रेषेला धरून सुसाट पळणारा, फुलबॅकला हुलकावणी देऊन थेट कोपऱ्यापर्यंत जाणारा, आणि तिथून गोलपुढे चेंडू टाकणारा तो विंगर आता गेला कुठे? आजच्या डावपेचांत त्याला जागा आहे की नाही?

आपल्याकडे या गड्यांना राइट आउट आणि लेफ्ट आउट म्हणत. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या अंतिम सामन्यात गोल करणारे प्रदीपकुमार बॅनर्जी हे राइट आउटच होते. तेव्हा हा प्रश्न काही केवळ परदेशातला नव्हे.

हा गडी कशासाठी होता, ते आधी पाहू. मोठ्या सामन्यांचे मैदान साधारण ६८ मीटर रुंद असते. चार बचावपटूंनी ते सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १७ मीटर येतात. इतकी जागा एकट्याने राखणे कठीण. म्हणून बचावपटू एकमेकांजवळ सरकतात, मधला भाग घट्ट करतात आणि कडा मोकळ्या सोडतात. आता एक गडी अगदी रेषेवर उभा राहिला, की त्याच्यासाठी एका बचावपटूला बाहेर यावेच लागते. तो बाहेर आला की त्याच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये फट पडते. म्हणजे विंगर नुसता उभा असला तरी काम करीत असतो, बरं का! चेंडू मिळाल्यावर तो काय करतो, ही पुढची गोष्ट.

ती पुढची गोष्ट कशी असते हे २ मे १९५३ रोजी वेम्ब्लीवर दिसले. इंग्लंडच्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल बोल्टनविरुद्ध १-३ असे मागे पडले होते. त्यांचा राइट आउट स्टॅन्ली मॅथ्यूज तेव्हा ३८ वर्षांचा होता. शेवटच्या टप्प्यात त्याने बोल्टनची डावी बाजू खिळखिळी करून टाकली, आणि अखेरच्या क्षणी त्याने मागे सारलेल्या चेंडूवर पेरीने गोल करून सामना ४-३ असा जिंकून दिला. मॉर्टेन्सनने त्या दिवशी तीन गोल केले, तरी लोक त्या सामन्याला ‘मॅथ्यूजचा सामना’ असेच म्हणत आले.

मग असा हिरा गडी नकोसा का झाला? याचे उत्तर १९६६ च्या विश्वचषकात सापडते. इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्झी यांनी पहिल्या तीन सामन्यांत तीन वेगवेगळे विंगर खेळवून पाहिले: उरुग्वेविरुद्ध कॉनेली, मेक्सिकोविरुद्ध पेन आणि फ्रान्सविरुद्ध कॅलहन. अर्जेंटिनाविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यापासून मात्र त्यांनी विंगर घेतलाच नाही. बाजूला बॉल आणि पीटर्स हे मधल्या फळीचे कष्टाळू गडी ठेवले, आणि विश्वचषक जिंकला.

रॅम्झींचा हिशेब सरळ होता. चेंडू प्रतिपक्षाकडे असताना जुना विंगर रेषेवर हात बांधून उभा राही, आणि मधल्या फळीत एक माणूस कमी पडे. शिवाय त्या स्पर्धेत बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती. विश्वचषकात ती १९७० साली आली. विंगरचा दिवस वाईट गेला, की संघ नव्वद मिनिटे दहाच जणांनिशी खेळल्यासारखा होई.

पण इथे एक गंमत ध्यानात घ्यावी. अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल हर्स्टने डोक्याने मारला, तो पीटर्सने डावीकडून टाकलेल्या चेंडूवर. अंतिम सामन्यात हर्स्टचा जो गोल रेषेच्या आत की बाहेर म्हणून आजवर वादात आहे, तोही बॉलने उजवीकडून दिलेल्या चेंडूवरचा. म्हणजे विंगर काढला, तरी कडेचे काम काही थांबले नाही. ते दुसऱ्यांनी केले, एवढेच.

पुढची पन्नास वर्षे हाच धागा चालू राहिला. कडेचे काम हळूहळू फुलबॅकांकडे आले. २००२ चा विश्वचषक ब्राझीलने जिंकला, तेव्हा दोन्ही कडा काफू आणि रॉबेर्तो कार्लोस यांनी सांभाळल्या. विंगरही परतला, पण बाजू बदलून. डाव्या पायाचा गडी उजवीकडे आणि उजव्या पायाचा डावीकडे खेळू लागला. बायर्न म्युनिकचा आर्येन रॉबेन उजव्या कडेवरून आत वळे, की चेंडू त्याच्या भरवशाच्या डाव्या पायावर येई आणि गोल समोर दिसे. कडेवरून उंच टाकलेला चेंडू बहुधा बचावपटूच डोक्याने परतवतात. आत वळणारा गडी स्वतःच फटका मारू शकतो. त्याला अडवायला बचावपटू आत सरकला, की मागून फिलिप लाम बाहेरच्या बाजूने पुढे निघे.

नियमांनीही विंगरला हात दिला. मागून घातक रीतीने पाय घालणाऱ्याला बाहेर काढण्याची सक्त ताकीद पंचांना १९९८ च्या विश्वचषकापासून मिळाली. पाच बदली खेळाडूंची मुभा २०२२ पासून नियमात कायम झाली. दमलेल्या फुलबॅकसमोर ताज्या दमाचा विंगर सोडणे त्यामुळे सोपे झाले.

दोन्ही जातींचे काम एकाच सामन्यात पाहायचे असेल, तर ९ जुलै २०२४ ची म्युनिक येथील युरोपीय स्पर्धेची उपांत्य लढत पाहावी. फ्रान्स १-० ने पुढे होता. स्पेनच्या सोळा वर्षांच्या लामिन यमालने उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने वळता फटका मारला आणि बरोबरी साधली. ही झाली नवी तऱ्हा. चारच मिनिटांनी जुनी तऱ्हा दिसली. हेसुस नावासने उजव्या कडेवरून उजव्या पायाने चेंडू गोलपुढे टाकला. बचावपटूने तो कसाबसा बाहेर काढला, आणि ओल्मोने तो साधून विजयी गोल घडवला. हा नावास मूळचा अस्सल राइट आउट. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बदली म्हणून आला, आणि विजयी गोलाची चढाई त्याच्याच धावेतून सुरू झाली. म्युनिकमध्ये मात्र तो फुलबॅक म्हणून खेळत होता. त्याचेही वय त्या दिवशी मॅथ्यूजइतकेच, ३८ वर्षांचे!

तात्पर्य काय? रेषेवर उभे राहून केवळ चेंडूची वाट पाहणाऱ्या गड्याची जागा आता गेली. ती परत येईल असे वाटत नाही. पण मैदान रुंद ठेवणे, समोरच्याला एकट्याने चकवणे आणि कोपऱ्यातून नेमका चेंडू देणे, ही तिन्ही कामे आजही लागतात. ती कधी विंगर करतो, कधी फुलबॅक, तर कधी शेवटच्या वीस मिनिटांसाठी आलेला बदली खेळाडू.

आपल्या शाळांतून आणि क्लबांतून मुले घडवणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. एखादा पोरगा उजव्या कडेवरून वाऱ्यासारखा धावत असेल, तर ‘आता ही पद्धत राहिली नाही’ म्हणून त्याला मधल्या गर्दीत कोंबू नये. त्याची ती ओढ जपावी. मात्र सोबतीला त्याचा डावा पाय तयार करून घ्यावा, आणि चेंडू हरवल्यावर मागे धावायची सवय लावावी. एवढे जमले, की तो कुठल्या नावाच्या जागेवर खेळतो याला महत्त्व नाही. त्याला संघात जागा मिळेल.