घरच्या संगणकावरील हिशेबाची आज्ञावली : निवड आणि नवी आवृत्ती

‘विंडोज १०’ या प्रणालीला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्या निमित्ताने अनेक वैद्यबंधू-भगिनींनी घरचा संगणक बदलला, काही बदलण्याच्या विचारात आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो : घरखर्च, बँकखाती, विमा, म्युच्युअल फंड आणि चिकित्सालयातील जमा-खर्च यांसाठी कोणती आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, घ्यावे? विचारणारे बहुधा किंमत आणि सोयी यांविषयी विचारतात. आपल्या नोंदी त्या आज्ञावलीतून बाहेर कशा काढता येतील, हे क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिला प्रश्न हाच असावयास हवा.

हे मत अनुभवातून आले आहे. २००५ साली आम्ही एका कंपनीची आज्ञावली सीडीवर विकत घेतली आणि रुग्ण गेल्यावर रोज रात्री नियमाने नोंदी केल्या. २०१५ मध्ये नवा संगणक आणला, तर त्यावर ती आज्ञावली सुरूच होईना. कंपनीचा दूरध्वनी बंद होता. जुन्या संगणकावरून अहवाल काढला, तेव्हा आकडे शाबूत निघाले. परंतु खात्यांची नावे युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असल्याने नव्या संगणकावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसू लागला. कोणता आकडा कशाचा, हे कळेना. पुढे २०१८ मध्ये वडिलोपार्जित घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी घराच्या सुधारणेवरील खर्च दाखवावयाचा होता. तीन आठवडे कागद चाळले. थर्मल कागदावरील कित्येक पावत्या कोऱ्या झाल्या होत्या. जो खर्च सिद्ध करता आला नाही, त्यावर कर भरावा लागला.

लहान कंपन्यांचेच असे होते असे नाही. १९९१ पासून चालत आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट मनी’ची विक्री २००९ मध्ये थांबली. अमेरिकेत घरोघरी पोहोचलेले ‘क्विकन’ इंट्यूट कंपनीने २०१६ मध्ये विकून टाकले, आणि त्यानंतर ते वार्षिक वर्गणीवर मिळू लागले. त्याच इंट्यूटने ‘क्विकबुक्स’ची भारतातील सेवा २०२३ मध्ये गुंडाळली. आज्ञावली केव्हातरी जाणार, हे धरूनच चालावे.

आता गरजेविषयी. औषधी-दुकानदारांनी घरगुती आज्ञावलीच्या वाटेस जाऊ नये. त्यांना बॅच क्रमांक, मुदत-तारीख आणि जीएसटी सांभाळावा लागतो. त्यासाठी टॅलीसारखी व्यापारी आज्ञावलीच हवी, आणि तिच्या नव्या आवृत्त्याही वेळेवर घ्यावयास हव्यात. ज्या आयुर्वेदीय औषधांवर १२ टक्के जीएसटी होता, त्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. त्या तारखेच्या अलीकडची व पलीकडची बिले निरनिराळ्या दराने दाखवू न शकणारी आज्ञावली दुकानात ठेवण्यात अर्थ नाही.

चिकित्सकांची गोष्ट निराळी. १९६२ च्या आयकर नियमांतील ६-एफ या नियमाने वैद्यकीय व्यावसायिकांच्या हिशेबपुस्तकांची तरतूद केली, आणि त्यात वैद्य व हकीम यांचा नावानिशी उल्लेख होता. दैनंदिन रुग्णनोंदवही, वर्षाच्या पहिल्या व अखेरच्या दिवशीचा औषधसाठा, आणि ही पुस्तके संबंधित आकारणी वर्षाच्या अखेरीपासून सहा वर्षे जपणे, या त्यातील मुख्य बाबी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेले असल्याने आपणांस काय लागू पडते, ते सनदी लेखापालास विचारावे. काहीही असो, इतकी वर्षे वाचता येईल अशा स्वरूपात नोंदी राहिल्या पाहिजेत. घराची व चिकित्सालयाची फाइल मात्र प्रथमपासून वेगळी ठेवावी. एकत्र केलेला हिशेब नंतर सोडविणे फार कष्टाचे असते.

आम्ही सध्या ‘ग्नूकॅश’ वापरतो. ही मोफत आज्ञावली १९९८ पासून विकसित होत आली असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. तिच्यात दुहेरी नोंद पद्धती असल्याने किर्द-खतावणी जाणणाऱ्यास ती परकी वाटत नाही. इतरांना पहिले पंधरा दिवस जड जातात, हे मान्य करावयास हवे. बँकेच्या संकेतस्थळावरून उतरविलेला खातेउतारा सीएसव्ही स्वरूपात आत घेता येतो आणि आपल्या सर्व नोंदी त्याच स्वरूपात बाहेरही काढता येतात. हिशेबी कालावधीचा आरंभ १ एप्रिल असा आपण स्वतः नोंदवावा, अन्यथा अहवाल इंग्रजी वर्षाप्रमाणे निघतात. जीएसटीची विवरणपत्रे तिच्याकडून अपेक्षू नयेत.

कोणतीही आज्ञावली घ्या, पैसे देण्यापूर्वी एक महिन्याच्या खऱ्या नोंदी करून पाहा. नंतर त्या सीएसव्हीत काढून लिब्रेऑफिसमध्ये यूटीएफ-८ निवडून उघडा. तारीख, रक्कम, खात्याचे नाव आणि तपशील हे चारही देवनागरीसह सुस्थितीत दिसले, तरच पुढे जावे. विक्रेता ‘त्याची गरजच पडत नाही’ असे म्हणाला, तर आम्ही तेथून उठतो.

नवी आवृत्ती बसविण्याची घाई नसावी. बहुतेक व्यापारी आज्ञावलींमध्ये नव्या आवृत्तीत रूपांतरित झालेली माहिती जुनीत पुन्हा उघडत नाही. म्हणून मूळ फाइलची तारीख घातलेली प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, प्रत्येक खात्याची शिल्लक कागदावर उतरवावी आणि नवी आवृत्ती प्रथम त्या प्रतीवरच चालवून शिल्लक ताडून पाहावी. एक आज्ञावली सोडून दुसरी घ्यावयाची असेल, तर सवय सोडविण्यासाठी चरकांनी सांगितलेला पादांशिक क्रम येथेही उपयोगी पडतो : पहिल्या महिन्यात फक्त बँकखाती, मग घरखर्च, नंतर गुंतवणूक, शेवटी चिकित्सालय. तोपर्यंत जुनी चालू ठेवावी. हा उद्योग मार्च महिन्यात किंवा विवरणपत्राच्या मुदतीच्या तोंडावर करू नये. एप्रिलचा दुसरा पंधरवडा त्याला बरा.

जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी सर्व वर्षांच्या खतावण्यांची पीडीएफ काढून ठेवावी. आमच्या घरी तिची एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आहे, आणि फाइलचा पासवर्ड सौभाग्यवतींच्या वहीत लिहिलेला आहे.